रात्री एकचा लाल ठिपका

मंडळी, आजचा विषय आहे टेस्ट ऑटोमेशन. हं, लगेच पान उलटू नका! हा शब्द ऐकला की आयटीत नसलेल्यांना झोप येते आणि आयटीत असलेल्यांना घाम फुटतो, हे मला ठाऊक आहे. पण आजची गोष्ट एका कॅबवाल्या काकांची आहे. आणि त्या गोष्टीत व्हिलन कोण, तर प्रत्यक्ष मीच!

तर झालं असं. त्या दिवशी रिलीज होता. रिलीजच्या रात्री आमच्याकडे पिझ्झा आणि एकमेकांवर ढकलाढकली या दोन्ही गोष्टी भरपूर असतात. सगळं आटोपून हिंजवडीतून निघायला साडेबारा वाजून गेले. काका नेहमीचेच. गाडी बायपासला लागली आणि काकांनी आरशातून बघत विचारलं,

“मॅडम, एक विचारू का? हे ट्रिपचं अ‍ॅप तुमच्याच ऑफिसात बनतं म्हणे?”

मी जरा ताठ झाले. “हो, आमचीच टीम. का हो काका?”

“नाही, म्हणजे... रात्री बारानंतर ट्रिप बंद करायला गेलं की घेतच नाही ते. तारीख पुढची आहे म्हणतं. साडेपाच वाजले की गुमान घेतं.”

“मग तुम्ही काय करता?”

“काय करणार? साडेपाचला गजर लावतो आणि टाकतो. पण मग ती सकाळची ट्रिप धरली जाते. नाइटचा भत्ता जातो. ट्रिपमागे दीडशे रुपये. तीन महिने झाले आता.”

“सुपरवायझरला नाही सांगितलं?”

“सांगितलं की. तो म्हणाला, सकाळीच टाकत जा.”

साडेपाच! भारतात सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या कुणालाही हा आकडा ऐकला की पोटात गोळा येतो. आपलं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे चालतं, आणि बहुतेक सर्व्हर यूटीसीवर चालतात. रात्री साडेबाराला पुण्यात तारीख बदललेली असते. सर्व्हरच्या घड्याळात मात्र आदल्या संध्याकाळचे सातच वाजलेले असतात. काकांचा फोन आजची तारीख पाठवतो आणि सर्व्हर म्हणतो, ‘छे, ही तर उद्याची! भविष्यातली ट्रिप कशी बंद करणार?’ पहाटे साडेपाचला सर्व्हरचीही तारीख बदलते आणि भांडण मिटतं. तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी चुकीच्या तारखा पडू नयेत म्हणून ‘पुढची तारीख चालणार नाही’ असा नियम घातला होता. हेतू चांगला, पण ‘आज’ म्हणजे नेमका कुणाचा आज, पुण्याचा की सर्व्हरचा, हे विचारायचं राहून गेलं.

बग कुणाच्याही हातून होतो. खरी गोम पुढे आहे.

हा बग आमच्या टेस्टना सापडला होता! पहिल्याच रात्री सापडला होता. आमच्या ४१२ ऑटोमेटेड टेस्ट रोज रात्री एकला चालायच्या, आणि त्यातली ‘ट्रिप बंद करा’ ही टेस्ट रोज फेल व्हायची. सकाळी दहाला मी कॉफीचा मग घेऊन बसायची, लाल ठिपके बघायची, ‘रीरन’ दाबायची. सकाळी ती टेस्ट हिरवी! मग शीटमध्ये लिहायचं: ‘फ्लेकी. रीरनला पास.’ की पुढची ओळ.

दुसऱ्या दिवशी मी ती शीट उघडली आणि मोजलं. ६३ रात्री. ६३ लाल ठिपके. आणि त्यांच्यासमोर ६३ वेळा ‘रीरनला पास’, बहुतेक माझ्याच नावाने.

लांडगा आला रे आला!

‘फ्लेकी’ म्हणजे काय, ते आधी सांगते. कोडमध्ये काहीही बदल न होता जी टेस्ट कधी पास होते, कधी फेल, ती फ्लेकी. नेट हळू होतं, पान उशिरा उघडलं, दोन टेस्टनी एकच युजर वापरला, अशी शंभर कारणं असतात. आपल्याला शाळेपासून माहीत असलेली लांडग्याची गोष्टच ही. टेस्ट रोज उगाच ओरडायला लागली की गाव धावायचं सोडून देतं, आणि खरा लांडगा येतो तेव्हा गाव कुशीवर वळून झोपतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. २०१६ मध्ये गुगलच्या टेस्टिंगमधल्या लोकांनी आपल्या घरचे आकडे जाहीर केले होते. त्यांच्याकडच्या सगळ्या टेस्ट-रनपैकी साधारण दीड टक्का फ्लेकी निघत, आणि जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा होता. आणि सगळ्यात बोलका आकडा पुढचा. पास होणारी टेस्ट अचानक फेल झाली, अशा प्रसंगांपैकी ८४ टक्के प्रसंगांत फ्लेकी टेस्टचा हात होता. म्हणजे लाल दिसलं की ‘असेल काहीतरी फालतू’ असं वाटणं हे अगदी माणसाला धरून आहे. आमचे काका मात्र त्या उरलेल्या टक्क्यांत बसले होते.

एक गोष्ट तर मला शीट बघूनच कळायला हवी होती. खरी फ्लेकी टेस्ट लहरी असते. ही टेस्ट अजिबात लहरी नव्हती. रात्री एकदाही पास नाही, सकाळी एकदाही फेल नाही. एवढी शिस्त फ्लेकीपणात नसते हो! ती ओरडून सांगत होती की रात्रीत काहीतरी गडबड आहे. मी तिला रोज सकाळी गप्प करत होते.

तेव्हापासून आमच्या टीमने ऑटोमेशनचं घर पुन्हा लावायला घेतलं. त्यातून जे कामाला आलं ते आज तुम्हाला सांगते. टेस्टर असाल, डेव्हलपर असाल किंवा ‘आपण सगळं ऑटोमेट करून टाकू’ म्हणणारे मॅनेजर असाल, तरी उपयोगी पडेल.

पी हळद, हो गोरी

आमची पहिली चूक म्हणजे घाई. ‘शंभर टक्के ऑटोमेशन’ असं एका प्रेझेंटेशनमध्ये मोठ्या अक्षरात आलं आणि आम्ही सुटलो. रेकॉर्डर सुरू करायचा, माऊसने क्लिक करत जायचं, टूल स्वतःच स्क्रिप्ट लिहितं. महिनाभरात चारशे टेस्ट! टाळ्या, केक, ग्रुप फोटो. नव्याचे नऊ दिवस संपले आणि डिझाइन टीमने एक मेनू डावीकडून वर नेला. दुसऱ्या दिवशी ९० टेस्ट आडव्या.

मुळात हे ऑटोमेशन जन्माला आलं तेच कंटाळ्यातून. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स कंपनीत जेसन हगिन्स कंपनीच्या आतल्या कामाचे तास आणि खर्च नोंदवायच्या एका वेब अ‍ॅप्लिकेशनवर काम करत होता. तेच तेच क्लिक पुन्हा पुन्हा करायचा वैताग आला म्हणून त्याने ब्राउझर आपोआप चालवणारी एक सोय लिहिली. तेच आजचं सेलेनियम. नावाची गंमत माहितीये? त्या वेळी या बाजारात मर्क्युरी नावाच्या कंपनीची महागडी टूल्स जोरात होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा! पुढे २००६ मध्ये ती मर्क्युरी एचपीने विकत घेतली, आणि सेलेनियम फुकटात जगभर पसरलं.

सांगायचा मुद्दा असा, की त्याने कंटाळवाणं काम मशीनला दिलं. ‘सगळं’ काम नाही. तेव्हा टूल कुठलं घ्यायचं या वादात पडण्याआधी एक कागद घ्या आणि तुम्ही हाताने काय काय तपासता ते लिहून काढा. प्रत्येक ओळीपुढे तीन प्रश्न. हे किती वेळा करावं लागतं? यात डोकं लागतं की फक्त बोटं? आणि हे मोडलं तर कुणाचं किती नुकसान?

आता थोडं गणित, फार नाही. समजा, एक तपासणी हाताने करायला २० मिनिटं लागतात. तिची स्क्रिप्ट लिहायला ६ तास, आणि ती धडधाकट ठेवायला महिन्याला १ तास. ही तपासणी आठवड्यातून एकदाच करत असाल, तर महिन्याला ८० मिनिटं वाचली, त्यातली ६० देखभालीत गेली. उरली २०. म्हणजे ते ६ तास वसूल व्हायला १८ महिने! तोवर ते फीचर तरी राहील का? पण तीच तपासणी रोज करायची असेल, तर महिन्याचे २० दिवस धरून ४०० मिनिटं वाचतात आणि देखभाल धरूनही खर्च महिन्याभराहून जेमतेम थोड्या जास्त वेळात निघतो. म्हणून जे रोज लागतं, ज्यात डोकं लागत नाही आणि जे मोडलं तर महाग पडतं, ते आधी. दर महिन्याला रूप बदलणारी स्क्रीन सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही.

जुन्या गोष्टी नव्या बदलाने मोडल्या नाहीत ना, हे बघणं म्हणजे रिग्रेशन टेस्टिंग. मराठीत याला झकास म्हण आहे: पुढचे पाठ, मागचे सपाट. ऑटोमेशनचं खरं काम हे ‘मागचं’ सपाट होऊ न देण्याचं.

हंडी कोण फोडतो?

दुसरी चूक यापेक्षा मोठी. आमच्या सगळ्याच्या सगळ्या ४१२ टेस्ट ब्राउझर उघडून, लॉगिन करून, क्लिक करत चालायच्या. एकूण वेळ जवळजवळ तीन तास.

माइक कोन यांनी २००९ मध्ये आपल्या पुस्तकात टेस्टचा पिरॅमिड मांडला आणि तो जगभर गाजला. आपल्याला कशाला हवा पिरॅमिड? आपल्याकडे दहीहंडी आहे! खालच्या थराला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात दणकट गडी. ह्या युनिट टेस्ट. कोडचा एक छोटासा तुकडा घ्यायचा, त्याला काहीतरी द्यायचं, उत्तर तपासायचं. हजार टेस्ट काही सेकंदांत. मधल्या थराला एपीआय टेस्ट. स्क्रीनला हात न लावता सर्व्हरशी थेट बोलायचं, ‘ही ट्रिप बंद कर’ म्हणायचं आणि तो काय म्हणतो ते बघायचं. आणि सगळ्यात वर एकटा छोटा गोविंदा, म्हणजे ब्राउझरमधून चालणाऱ्या मोजक्या टेस्ट. दिसायला सगळ्यात देखणा तोच, टाळ्या त्यालाच. पण खाली थरच नसतील आणि चारशे बाळगोपाळ वरच्या वर लटकत असतील, तर काय होणार? आमचं झालं तेच!

आता काकांचाच बग घ्या. तारखेचा नियम तपासायला ब्राउझर लागतोच कशाला? तो जेमतेम दहा ओळींचा कोड. फक्त एक पथ्य पाळायचं. कोडला भिंतीवरचं घड्याळ स्वतः बघू द्यायचं नाही. ‘आत्ता इतके वाजलेत’ हे बाहेरून सांगायचं. मग तुम्ही भर दुपारी रात्रीची टेस्ट करू शकता. आम्ही आता त्या नियमाला चार वेळा देतो: रात्री ११:५९, १२:०१, पहाटे ५:२९ आणि ५:३१. जोडीला २९ फेब्रुवारी आणि ३१ मार्च. सगळं मिळून डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, आणि प्रत्येक बदलानंतर होतं. बगवर उपायही साधाच निघाला. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवरच ठेवलं, ते बरोबरच आहे. फक्त ‘आज’ ठरवताना ट्रिप जिथली, तिथली तारीख धरायची.

पानाच्या टपरीशेजारी

तिसरी गोष्ट टेस्ट लिहायच्या पद्धतीची. फ्लेकीपणा आकाशातून पडत नाही, आपणच तो पेरतो. आमच्याकडे तीन जागी पेरला होता.

एक, पत्ता. आमच्या स्क्रिप्ट बटण कसं शोधायच्या? ‘तिसऱ्या चौकटीतलं दुसरं बटण.’ हे म्हणजे ‘पानाच्या टपरीशेजारी’ असा पत्ता देण्यासारखं. टपरी हलली की पाहुणे हरवले! आता डेव्हलपर प्रत्येक महत्त्वाच्या बटणाला एक कायमचं नाव देतात, फ्लॅट नंबरसारखं. रंग बदला, जागा बदला, टेस्टला फरक पडत नाही. हे डेव्हलपरकडून करून घ्यायला दोन कप कटिंग पुरतात, स्वानुभव आहे.

दोन, थांबणं. ‘पाच सेकंद थांब आणि मग क्लिक कर’ असं आमच्या स्क्रिप्टमध्ये ठिकठिकाणी होतं. बसस्टॉपवर तुम्ही पाच मिनिटं मोजून, बस आली की नाही ते न बघता पाय उचलता का? उचललात तर पडाल. बस येईपर्यंत थांबायचं, फार झालं तर अर्धा तास, एवढाच नियम हवा. टेस्टमध्येही ‘बटण दिसेपर्यंत आणि दाबता येईपर्यंत थांब, जास्तीत जास्त इतका वेळ’ असं लिहायचं. सेलेनियममध्ये हे सांगून करावं लागतं. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं प्लेराइट क्लिक करण्याआधी हे स्वतःच बघतं. निव्वळ या एका बदलाने आमचे निम्मे खोटे लाल ठिपके गेले, आणि वेळ वाचला तो वेगळाच.

तीन, उष्टा डबा. आमची सातवी टेस्ट सहाव्या टेस्टने बनवलेला युजर वापरायची. सहावी फेल, की सातवी, आठवी, नववी सगळ्या उपाशी. आता प्रत्येक टेस्ट आपला डबा आपण आणते. स्वतःचा युजर, स्वतःची ट्रिप, काम झालं की आवराआवर. त्यामुळे कुठलीही टेस्ट एकटी, कुठल्याही क्रमाने चालवता येते.

लाल म्हणजे लाल

हे सगळं झालं तांत्रिक. पण माझा मूळ गुन्हा तांत्रिक नव्हता हो. माझा गुन्हा ‘रीरन’ हा होता. म्हणून चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कठीण. लाल ठिपका दिसला की काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं.

आमचे आताचे नियम असे. लाल दिसलं की पहिल्यांदा कारण, मग रीरन. रीरन केलाच तर तो नोंदला जातो, गुपचूप हिरवं करायचं नाही. टेस्ट खरंच फ्लेकी आहे असं वाटलं, तर तिला वेगळ्या खोलीत टाकायचं, तिच्यापुढे एका माणसाचं नाव आणि एक तारीख लिहायची. आठवड्यात ती बरी झाली पाहिजे. नाहीतर तिला निरोप! हो, टेस्ट डिलीट करायची. पहिल्यांदा डिलीट करताना हात थरथरतो. मेहनतीने लिहिलेली असते. पण जिच्यावर कुणाचा विश्वास नाही, अशी टेस्ट ठेवून काय मिळतं? ती शेजारच्या चांगल्या टेस्टचीही अब्रू घालवते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असा सगळा कारभार होतो, आणि वर रिपोर्टमध्ये ‘४१२ टेस्ट’ असा आकडा मिरवत राहतो.

आज आमच्याकडे ब्राउझरवाल्या टेस्ट फक्त ३८ आहेत. ९ मिनिटांत संपतात. म्हणजे चहा प्यायला जाऊन येईपर्यंत निकाल तयार. शितावरून भाताची परीक्षा करायची ती शितं हीच: लॉगिन, ट्रिप सुरू, ट्रिप बंद, बिल. बाकीचं बरंचसं खालच्या थरांत गेलं आणि काही कायमचं गेलं. आकडा घटला म्हणून वरून विचारणा झाली. आमच्या लीडने एकच वाक्य सांगितलं, “आता लाल दिसलं की आम्ही थांबतो.” विषय संपला.

मग माणसं कशाला?

हा प्रश्न मला दर आठवड्याला एक तरी ज्युनिअर विचारते. “ताई, ऑटोमेशन आलं, आता एआयपण टेस्ट लिहायला लागलं. आपलं काय?” त्यातच ‘ऑटोमेशन शिका, पॅकेज वाढवा’ अशा क्लासच्या जाहिराती. हाताने टेस्टिंग करणारी मंडळी उगाचच खालमानेने वावरतात.

एआयचं म्हणाल तर मी रोज वापरते. अर्ध्या दिवसाचं काम अर्ध्या तासात होतं, खोटं कशाला बोलू? पण एक दिवस गंमत केली. बगवाला जुना कोड त्याला दिला आणि म्हटलं, याच्या टेस्ट लिही. दहा सुबक टेस्ट आल्या. त्यातली एक होती: ‘सर्व्हरच्या आजच्या तारखेपेक्षा पुढची तारीख आली तर ट्रिप नाकारली पाहिजे.’ पास! म्हणजे काकांचे दीडशे रुपये बुडवणारा बग, त्यावर ‘योग्य’ असा शिक्का. त्यात त्याची चूक नाही. कोड काय करतो हे त्याला दिसलं. कोडने काय करायला हवं होतं, हे मी सांगितलंच नव्हतं. कोड दाखवून टेस्ट मागितल्या तर बगसकट टेस्ट मिळतात. आधी नियम साध्या भाषेत सांगा: ‘ड्रायव्हर रात्री साडेबाराला ट्रिप बंद करू शकला पाहिजे.’ मग बघा.

आणि हा नियम आम्हाला सांगितला कुणी? कुठल्या टूलने नाही. बायपासवर गाडी चालवता चालवता काकांनी. रोज सकाळचा लाल ठिपके पुसण्यात जाणारा माझा तास आता मोकळा झालाय. म्हणून महिन्यातून एकदा आमच्यापैकी कुणीतरी रात्रीच्या कॅबमध्ये पुढच्या सीटवर बसून जातं आणि ड्रायव्हर अ‍ॅप कसं वापरतात ते नुसतं बघतं. पहिल्याच फेरीत कळलं की रात्री स्टँडवर लावलेल्या फोनमध्ये आमचं फिकट राखाडी ‘ट्रिप बंद’ बटण दिसतच नाही. टेस्टच्या लेखी ते बटण होतं, दाबताही येत होतं, सगळं हिरवं! मशीन विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. प्रश्न सुचायला माणूस लागतो. तेव्हा ज्युनिअर मंडळी, कोडिंग जरूर शिका, पण पुढच्या सीटवर बसायलाही शिका.

शेवट गोड व्हावा असं मलाही वाटत होतं. बग दोन दिवसांत गेला. सर्व्हरवर नाकारलेल्या ट्रिपची नोंद सापडली, आणि तिच्यावरून सगळ्या ड्रायव्हरना भत्ता मिळाला. पण त्या नोंदी फक्त ३० दिवस ठेवल्या जातात. आधीच्या दोन महिन्यांचा पुरावाच नाही. अकाउंट्सने हात वर केले. माझ्या शीटमध्ये ६३ ओळी होत्या, पण ‘रीरनला पास’ यावरून कुणाला पैसे देता येत नाहीत.

काकांना हे सांगताना मला शब्द सापडेनात. ते म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, आता तरी घेतंय ना!” मला जास्त लागलं ते हेच.

परवा पुन्हा उशीर झाला. पावणेएकला घराखाली उतरले, पण लगेच वर गेले नाही. काकांनी फोन काढला, ‘ट्रिप बंद’ दाबलं. हिरवी टिक. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि गाडी वळवली.

तर मंडळी, उद्या सकाळी ऑफिसला गेलात की एक करा. तुमच्या टेस्टचा जुना रिपोर्ट उघडा आणि रोज ‘रीरनला पास’ होणारी एक, फक्त एक टेस्ट निवडा. ती कधी फेल होते, कधी पास होते, ते जरा बघा. कुणास ठाऊक, तिकडे कुणीतरी साडेपाचचा गजर लावून बसलेलं असेल!